एकमेकांचे जामीन: सर्क्युलर रेफरन्सविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मेमरी लीकविषयी, म्हणजे वापर संपला तरी मेमरी मोकळी न होण्याविषयी, प्रश्न मागवले होते. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याहून आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच जागी होता: दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले (यालाच सर्क्युलर रेफरन्स किंवा चक्र म्हणतात) की ते साफ कसे करायचे? त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. भाषा वेगवेगळ्या असल्या तरी प्रश्न एकमेकांना लागून आहेत, म्हणून पहिलं उत्तर आधी वाचावं. पुढच्या उत्तरांत त्याचा आधार घेतला आहे.

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): शेव-मिक्स्चरच्या घाऊक ऑर्डरी नोंदवणारा आमचा पायथन प्रोग्रॅम दिवसभर चालू असतो. प्रत्येक ऑर्डरमध्ये ओळींची यादी आहे आणि प्रत्येक ओळीत आपली ऑर्डर कोणती हे ‘सेल्फ.ऑर्डर’मध्ये ठेवलं आहे. सोबत बिलाची स्कॅन केलेली प्रत असते, साधारण २ एमबीची. काम संपल्यावर ‘डेल ऑर्डर’ लिहिलं आहे. तरी डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट जाताना चालणाऱ्या कोडमध्ये, लॉग फाइल बंद करायची ओळ आहे ती तेव्हा चालत नाही. मेमरी शेकडो एमबी चढते आणि मग एकदम उतरते. असं का होतं?

उत्तर: ‘डेल ऑर्डर’ने फक्त ते नाव पुसलं जातं. ऑब्जेक्ट जायचा की राहायचा हे त्याच्या रेफरन्सच्या मोजणीवर ठरतं. नेहमीच्या पायथनमध्ये, म्हणजे सीपायथनमध्ये, प्रत्येक ऑब्जेक्टच्या डोक्यावर एक आकडा असतो: मला कितीजण धरून आहेत. तो शून्य झाला की ऑब्जेक्ट त्याच क्षणी जातो.

तुमच्या एका ऑर्डरीत तीन ओळी आहेत असं धरू. ऑर्डरचा आकडा ४: एक तुमच्या व्हेरिएबलचा, तीन ओळींचे. यादीचा १, कारण तिला फक्त ऑर्डर धरते. प्रत्येक ओळीचा १, कारण तिला फक्त यादी धरते. ‘डेल’ केल्यावर ऑर्डरचा आकडा ४ वरून ३ होतो आणि तिथेच थांबतो. ओळी ऑर्डरला जामीन, ऑर्डर यादीमार्फत ओळींना जामीन. बाहेरचं कोणीच उरलेलं नाही, पण मोजणी करणाऱ्याला एवढंच दिसतं की प्रत्येकाला जामीन आहे. तो जामीन स्वतः कोणाच्या भरवशावर उभा आहे, हे नुसत्या आकड्यातून कळत नाही.

हे ओळखायला पायथनमध्ये वेगळा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट गोळा करणारा, आहे. तो २००० साली आवृत्ती २.० बरोबर आला. त्याची रीत एकदा हाताने करून पाहण्यासारखी आहे. तो आपल्या यादीतल्या प्रत्येक ऑब्जेक्टच्या आकड्याची नक्कल घेतो: ऑर्डर ३, यादी १, ओळी १, १, १. मग प्रत्येक ऑब्जेक्ट आतून ज्याला-ज्याला धरतो त्याच्या नकलेतून एक वजा करतो. तीन ओळींनी ऑर्डरचे तीन गेले, ऑर्डरने यादीचा एक, यादीने ओळींचा एकेक. सगळीकडे शून्य, म्हणजे बाहेरून कोणीही धरलेलं नाही. मग पाचही ऑब्जेक्ट एकत्र काढले जातात.

आता समजा प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे ‘शेवटची पाहिलेली ओळ’ म्हणून याच ऑर्डरीतली दुसरी ओळ ठेवून दिली आहे. तिचा आकडा २, वजाबाकीनंतर १ उरतो. ती जिवंत. ती ऑर्डरला धरते, म्हणून ऑर्डर जिवंत. ऑर्डर यादीला धरते, यादी उरलेल्या ओळींना. एका ओळीपायी सगळी ऑर्डर स्कॅनच्या २ एमबीसकट अडकून राहते. या वेळी कलेक्टर कितीही वेळा चालवला तरी काही हाती लागत नाही, कारण त्याच्या लेखी तो कचराच नव्हे. लोक ज्याला ‘सर्क्युलर रेफरन्सची लीक’ म्हणतात ती पुष्कळदा ही असते. दोष चक्रात नसून बाहेरच्या त्या एका धाग्यात असतो. तुमच्याकडे मेमरी शेवटी उतरते, तेव्हा तुमची चक्रं सुटी आहेत. ती फक्त उशिरा गोळा होतात.

उशीर का, तेही पाहू. कलेक्टर घड्याळावर चालत नाही, तो ऑब्जेक्टच्या संख्येवर चालतो. पायथन ३.१२ पर्यंत त्याचे नेहमीचे उंबरठे ७००, १० आणि १० आहेत. (पुढच्या आवृत्त्यांत या भागात बदल झाले आहेत, म्हणून आपल्या मशिनवर ‘जीसी.गेट_थ्रेशोल्ड’ विचारून घ्यावं.) नवे तयार झालेले वजा गेलेले असे डबे ७०० च्या वर गेले की सर्वांत नवी पिढी, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या ऑब्जेक्टचा गट, तपासली जाते. पुढचे १० म्हणजे आधीची पिढी साधारण इतक्या वेळा तपासली की त्यापुढची जुनी पिढी. डबे म्हणजे दुसऱ्याला धरू शकणारे ऑब्जेक्ट: यादी, डिक्शनरी, तुमचे क्लास. आकडे, स्ट्रिंग, बाइट्स यांची तो मोजदाद करत नाही. तुमच्या एका ऑर्डरीचे डबे पाच. ७०० भागिले ५ म्हणजे १४० ऑर्डरी साठेपर्यंत कलेक्टर जागा होत नाही. प्रत्येकीसोबत २ एमबी, म्हणजे २८० एमबी. स्कॅनचं वजन त्याला दिसतच नाही. जुन्या आवृत्त्यांत ऑर्डर आणि तीन ओळी यांची प्रत्येकी वेगळी डिक्शनरी असल्याने डबे ९ धरावे लागतात आणि तो जरा लवकर जागा होतो, एवढाच फरक.

याहून वाईट अवस्था तेव्हा येते, जेव्हा ऑर्डर बराच वेळ वापरात राहते. तपासणीतून जिवंत सुटलेला ऑब्जेक्ट पुढच्या पिढीत सरकतो. सर्वांत जुन्या पिढीची तपासणी नुसत्या १० च्या हिशोबावर होत नाही. तिथे पोहोचू घातलेले नवे ऑब्जेक्ट आधीच्या मुरलेल्या ऑब्जेक्टच्या एक चतुर्थांशाहून जास्त व्हावे लागतात. मालाची सगळी यादी, दर, ग्राहक मिळून ४ लाख ऑब्जेक्ट मेमरीत मुरलेले असतील, तर आणखी १ लाख जमेपर्यंत पूर्ण तपासणी नाही. दर ऑर्डरी ५ या हिशोबाने २०,००० ऑर्डरी, २ एमबीप्रमाणे ४० जीबी. मशीन त्याआधीच मान टाकेल.

उपाय तीन. आमच्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिला: ओळीला ऑर्डरचा ऑब्जेक्ट खरंच हवा आहे का? बहुतेक ठिकाणी ऑर्डर क्रमांक पुरतो. क्रमांक ठेवला की चक्रच उरत नाही.

दुसरा: हवाच असेल तर ओळीने ऑर्डरला वीक रेफरन्सने धरावं, म्हणजे फक्त पत्ता ठेवावा आणि मोजणीत भर घालू नये. ओळ तयार होताना असं लिहायचं:

सेल्फ._ऑर्डर = वीकरेफ.रेफ(ऑर्डर)

आणि वाचताना त्याला फंक्शनसारखं बोलवायचं:

ऑर्डर = सेल्फ._ऑर्डर()

ऑर्डर गेलेली असेल तर इथे ‘नन’ मिळतं, म्हणून पुढच्याच ओळीत ते तपासावं. इथे हमखास होणारी चूक अशी: एखादं फंक्शन नवी ऑर्डर बनवतं आणि तिची फक्त पहिली ओळ परत देतं. ऑर्डरला आता कोणीच धरलेलं नाही, ती जागच्या जागी जाते आणि हातात अनाथ ओळ उरते. तेव्हा मालकी वरून खाली असावी आणि वरच्याला कोणीतरी धरलेलं असावं, हे आधी ठरवून घ्या. क्लासमध्ये ‘स्लॉट्स’ वापरत असाल तर त्या यादीत डबल अंडरस्कोरसह ‘वीकरेफ’ हे नावही लिहावं लागतं, नाहीतर टाइपएरर येतो. साध्या लिस्ट-डिक्शनरीला वीक रेफरन्स लावताच येत नाही. त्यांचा छोटा सबक्लास करावा लागतो.

तिसरा: लॉग फाइल डिस्ट्रक्टरमध्ये बंद करू नका. मेमरी उशिरा सुटली तर चालतं. फाइल, डेटाबेस कनेक्शन, कुलूप यांना उशीर चालत नाही. त्यांच्यासाठी ‘विथ’ ब्लॉक वापरा, म्हणजे ब्लॉक संपताच फाइल बंद होते, मग चक्र असो वा नसो. पायथन ३.४ च्या आधी तर चक्रात डिस्ट्रक्टर असलेला ऑब्जेक्ट सापडला की कलेक्टर त्याला हातच लावत नसे, कारण कोणाचा डिस्ट्रक्टर आधी चालवायचा हे ठरवता येत नसे. असे ऑब्जेक्ट ‘जीसी.गार्बेज’ या यादीत पडून राहत. २०१४ मध्ये ३.४ आली आणि ही अडचण गेली. तुमच्याकडे त्याहून जुनं पायथन चालू असेल तर ही यादी आधी उघडून पाहा.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): चक्र आहे असा संशय आहे, पण कुठे आहे ते सापडत नाही. शोधायचं कसं?

उत्तर: पायथन धरून सांगतो, कारण तुमच्या पत्रात तसा उल्लेख आहे. हे चाचणीच्या मशिनवर करा.

आधी ‘जीसी.डिसेबल’ करा, संशयित काम एकदाच चालवा आणि ‘जीसी.कलेक्ट’ बोलवा. तो एक आकडा परत देतो: बाहेरून पोहोचता न येणारे किती ऑब्जेक्ट सापडले. पहिली खेप सोडून द्या, कारण मॉड्यूल लोड होताना बरंच काही तयार होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तोच आकडा पुन्हा पुन्हा आला, समजा दर वेळी ४५, तर एका कामामागे ४५ ऑब्जेक्टची चक्रं बनतात हे नक्की. कोणती, हे पाहायला ‘जीसी.सेट_डीबग’मध्ये ‘डीबग_सेव्हऑल’ लावा. मग सापडलेलं काहीही न काढता ‘जीसी.गार्बेज’ यादीत ठेवलं जातं. यादीतल्या ऑब्जेक्टच्या क्लासची नावं मोजली की गुन्हेगार बहुधा पहिल्या दोन-तीन नावांत मिळतो. हा पर्याय चालू ठेवून प्रोग्रॅम ग्राहकाकडे पाठवला तर तीच मोठी लीक होईल, म्हणून काम झालं की आठवणीने काढा.

आकडा शून्य येतो आणि मेमरी मात्र वाढतेच, अशी वेळ आली तर चक्राचा नाद सोडा. मग बाहेरचा धागा शोधायचा. एक संशयित ऑब्जेक्ट हाती घ्या आणि ‘जीसी.गेट_रेफरर्स’ला विचारा, याला कोण धरून आहे? उत्तरात चालू फंक्शनची फ्रेम (त्याच्या व्हेरिएबलची जागा) आणि तुमची स्वतःची यादीही येईल, ती वगळा. कॅशे म्हणून ठेवलेली ग्लोबल डिक्शनरी सापडण्याची शक्यता मोठी. तिथे ‘वीकव्हॅल्यूडिक्शनरी’ वापरली तर नोंद वापरात असेपर्यंतच टिकते. ‘सिस.गेटरेफकाउंट’ अपेक्षेपेक्षा एक जास्त दाखवतो, कारण त्याला दिलेला ऑब्जेक्ट तो स्वतःही तेवढ्यापुरता धरतो. त्या एकाच्या मागे दिवस घालवू नका.

चक्र गेलं, कलेक्टरने साफही केलं, तरी टास्क मॅनेजरमध्ये आकडा उतरत नाही, असंही होतं. ५१२ बाइटपर्यंतचे छोटे ऑब्जेक्ट पायथन स्वतःच्या मोठ्या तुकड्यांत ठेवतो. हे तुकडे पूर्वी २५६ केबीचे होते, ३.१० पासून १ एमबीचे आहेत. तुकड्यात एक जरी ऑब्जेक्ट जिवंत असला तरी अख्खा तुकडा ऑपरेटिंग सिस्टिमला परत जात नाही. ती जागा पायथन पुढच्या ऑब्जेक्टसाठी वापरतो, म्हणून तिला लीक समजू नये.

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): एका कारखान्यातला व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) मधला जुना प्रोग्रॅम आमच्याकडे देखभालीला आहे. ‘मशीन’ क्लासकडे ‘भाग’ या ऑब्जेक्टचं कलेक्शन आणि प्रत्येक भागाकडे आपलं मशीन. ‘सेट मशीन = नथिंग’ केलं तरी ऑब्जेक्ट जाताना चालणारं क्लास_टर्मिनेट चालत नाही. त्यातच चक्र तोडायचा कोड लिहिला आहे.

उत्तर: अडचण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. चक्र असेपर्यंत क्लास_टर्मिनेट येणार नाही, आणि तो आल्याशिवाय चक्र तुटणार नाही. व्हीबी ६ हे कॉमच्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑब्जेक्ट जोडण्याच्या पद्धतीच्या) रेफरन्स मोजणीवर चालतं आणि त्याच्यावर पायथनसारखा दुसरा कलेक्टर नाही. जे अडकलं ते प्रोग्रॅम बंद होईपर्यंत अडकलं.

‘मशीन’मध्ये ‘मोकळं_कर’ अशी पब्लिक पद्धत लिहा. तिच्यात आधी कलेक्शनमधल्या प्रत्येक भागाचा मशीनकडचा रेफरन्स नथिंग करा, मग कलेक्शन नथिंग करा. क्रम महत्त्वाचा आहे. कलेक्शन आधी सोडलं तर भागांपर्यंत पोहोचायची वाटच जाते. आणि ही पद्धत बाहेरून बोलवायची: फॉर्मच्या अनलोडमध्ये, आणि एरर हँडलरमध्येही. एरर हँडलर लोक विसरतात. मग प्रोग्रॅम दिवसभर नीट चालतो आणि चुकीच्या नोंदी जास्त झालेल्या दिवशीच मेमरी वाढते.

नवा कोड लिहायचा असेल तर भागाकडे मशीनचा कोड नंबर ठेवा आणि मशीन कलेक्शनमधून त्या किल्लीने शोधा. ऑब्जेक्टचा कच्चा पत्ता लाँगमध्ये ठेवून तो कॉपीमेमरीने पुन्हा ऑब्जेक्ट करण्याची युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते. तिने चक्र टळतं हे खरं. पण तो उसना ऑब्जेक्ट वापरून झाल्यावर पुन्हा कच्च्या रीतीनेच शून्य केला नाही तर मोजणी एकने चुकते, ऑब्जेक्ट वेळेआधी जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो. डीबग करताना मध्येच स्टॉपचं बटण दाबलं तरी हेच. देखभालीला आलेल्या प्रोग्रॅममध्ये ती नकोच.

जाता जाता: त्या चक्रात एक्सेलचा ऑब्जेक्ट गुंतला असेल तर प्रोग्रॅम चालू असेपर्यंत टास्क मॅनेजरमध्ये न दिसणारं एक्सेल पडून राहतं. दर रिपोर्टला एक असं ते साचत जातं.

प्रश्न (इंदूर): आयफोनच्या ॲपमध्ये स्क्रीनवर दर सेकंदाला वेळ बदलणारा टायमर आहे. टायमर थांबवायचा कोड डीइनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट जाताना चालणाऱ्या भागात, आहे. स्क्रीन बंद केली तरी डीइनिट येत नाही आणि मागे टायमर चालूच.

उत्तर: बडोद्याच्या वाचकांची गाठ आणि तुमची गाठ एकच आहे. स्विफ्ट या आयफोन ॲपच्या भाषेत ॲपलचं आर्क, म्हणजे आपोआप होणारी रेफरन्स मोजणी, चालतं (२०११ मध्ये ते ऑब्जेक्टिव्ह-सीसाठी आलं). तेही मोजणीच करतं, चक्र शोधत नाही. टार्गेट आणि सिलेक्टर देऊन केलेला टायमर आपल्या टार्गेटला घट्ट धरतो आणि टायमरला रनलूप (ॲपमधल्या घटना एकामागून एक हाताळणारी फेरी) धरतो. म्हणजे तुमच्या स्क्रीनने टायमर धरला नसता तरी स्क्रीन सुटली नसती. टायमर ‘इनव्हॅलिडेट’ केल्याशिवाय हा धागा तुटत नाही, आणि ते तुम्ही ठेवलं आहे डीइनिटमध्ये.

सोपी दुरुस्ती अशी: स्क्रीन दिसू लागताना टायमर सुरू करा, दिसेनाशी होताना इनव्हॅलिडेट करून नील करा. दोन्ही जोडीने करा, कारण वर दुसरी स्क्रीन आली तरी ‘दिसेनाशी’चा संदेश येतो आणि परत आल्यावर टायमर पुन्हा लागतो. सुरू करण्याचा कोड ‘व्ह्यूडिडलोड’मध्ये ठेवला तर परत आल्यावर घड्याळ थांबलेलं दिसेल.

दुसरी रीत क्लोजरच्या (सोबत दिलेल्या छोट्या फंक्शनच्या) टायमरची, कंसात ‘वीक सेल्फ’ लिहून. तिने स्क्रीन सुटते आणि डीइनिट येतो, पण टायमर आपणहून थांबत नाही. तो रिकामाच टिकटिकत राहतो. तेव्हा डीइनिटमधलं इनव्हॅलिडेट इथे ठेवाच, आता ते खरोखर चालेल.

‘वीक’च्या जागी ‘अनओन्ड’ लिहिलं की प्रश्नचिन्हं टाळता येतात, म्हणून ते मोहाचं वाटतं. पण स्क्रीन गेल्यावर अनओन्डला हात लागला की ॲप तिथेच बंद पडतं. ज्याचं आयुष्य दुसऱ्याच्या आयुष्याच्या आत पूर्ण मावतं, तिथेच ते वापरावं. टायमर किंवा नेटवर्कच्या उत्तराला ते लावू नये. उलट ‘मॅप’, ‘फिल्टर’ यांच्या क्लोजरमध्ये वीक सेल्फ लिहायची गरज नाही. ते क्लोजर काम होताच जातं, कोणी ठेवून घेत नाही. धोका आहे तो ऑब्जेक्टने स्वतःच्या प्रॉपर्टीत साठवलेल्या क्लोजरचा, जे आतून त्याच ऑब्जेक्टला सेल्फ म्हणून धरतं. डेलिगेटचंही (ज्याच्यावर काम सोपवलं त्या ऑब्जेक्टचंही) तसंच, ती प्रॉपर्टी जवळपास नेहमीच वीक असावी.

खात्री करायला एक्सकोडमध्ये डीबग चालू असताना मेमरी ग्राफचं बटण दाबा. ती स्क्रीन पाच वेळा उघडून बंद करा. ग्राफमध्ये तिच्या पाच प्रती दिसल्या तर ती सुटत नाही. प्रतीवर क्लिक केलं की तिला कोण धरून आहे ते बाणांनी दिसतं.

प्रश्न (विजयनगर, इंदूर): आम्ही जावा वापरतो. तिथे गार्बेज कलेक्टर असताना विभाग आणि कर्मचारी एकमेकांकडे असले की जेसन (माहिती पाठवायचा मजकूर) बनवताना स्टॅकओव्हरफ्लो का येतो?

उत्तर: कारण ही सफाईची अडचणच नाही. जावाचा कलेक्टर मोजणी करत नाही. मुळांपासून, म्हणजे चालू थ्रेडचे व्हेरिएबल, स्टॅटिक फील्ड वगैरेंपासून, जिथवर पोहोचता येतं तेवढं तो जिवंत धरतो. सुटं पडलेलं चक्र त्याच्या वाटेत येतच नाही. पण जेसन बनवणारी जॅक्सन लायब्ररी विभागातून कर्मचाऱ्यात, कर्मचाऱ्यातून पुन्हा विभागात अशी उतरत जाते आणि स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनची नोंद ठेवायची जागा, संपतो.

विभागाच्या यादीवर ‘जेसन मॅनेज्ड रेफरन्स’ आणि कर्मचाऱ्याच्या विभागावर ‘जेसन बॅक रेफरन्स’ लावलं की उलटी बाजू लिहिली जात नाही. दोन्ही बाजू हव्या असतील तर ‘जेसन आयडेंटिटी इन्फो’ पहिल्यांदा पूर्ण ऑब्जेक्ट लिहितं, पुढे फक्त त्याची ओळख. आमच्या मते मात्र बाहेर पाठवायच्या माहितीसाठी वेगळा साधा क्लास करावा. डेटाबेसचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे बाहेर देण्याने हेच नव्हे, आणखी बरेच प्रश्न येतात. लोम्बॉक या नेहमीचा कोड आपोआप लिहिणाऱ्या लायब्ररीचं ‘डेटा’ दोन्ही क्लासवर असेल तर टूस्ट्रिंग आणि हॅशकोडही असेच गोल फिरतात. लॉगमध्ये नुसता ऑब्जेक्ट छापला आणि स्टॅकओव्हरफ्लो आला, तर कारण हे. एका बाजूला ते फील्ड वगळा.

जावात मेमरी अडकते ती बहुधा स्टॅटिक मॅपमुळे किंवा काढून न घेतलेल्या लिसनरमुळे. आणि साफसफाईचा कोड ‘फायनलाइझ’मध्ये असेल तर तो हलवा. ही पद्धत जावा ९ पासून वापरू नये असं ठरलं आहे आणि १८ पासून ती काढून टाकण्याच्या यादीत आहे.

प्रश्न (बडोदा): सी++ मध्ये शेअर्ड_पॉइंटर (ऑब्जेक्टला कितीजण धरून आहेत ते मोजणारा पॉइंटर) वापरतो. मुलाला पालक देताना ‘धिस’वरून नवा शेअर्ड_पॉइंटर बनवला, तर प्रोग्रॅम संपताना कोसळतो.

उत्तर: ‘धिस’ या कच्च्या पॉइंटरवरून नवा शेअर्ड_पॉइंटर केला की त्याच ऑब्जेक्टचे दोन वेगळे हिशोब सुरू होतात. दोघेही आपापल्या वेळी शून्यावर येतात आणि ऑब्जेक्ट दोनदा पुसला जातो. क्लासला ‘एनेबल_शेअर्ड_फ्रॉम_धिस’वरून वारसा द्या आणि ‘शेअर्ड_फ्रॉम_धिस’ बोलवा, पण कन्स्ट्रक्टरमध्ये नको, तेव्हा हिशोब अजून सुरू झालेला नसतो. मुलाकडे मात्र तो वीक_पॉइंटर म्हणून ठेवा, नाहीतर कोसळणं जाईल आणि लीक येईल. वापरताना ‘लॉक’ करून मिळालेला पॉइंटर रिकामा नाही ना ते पाहा.

एक बारीक गोष्ट: ‘मेक_शेअर्ड’ ऑब्जेक्ट आणि हिशोबाची वही एकाच तुकड्यात ठेवतं. शेवटचा शेअर्ड गेला की डिस्ट्रक्टर चालतो, पण शेवटचा वीक जाईपर्यंत तो तुकडा परत मिळत नाही. ऑब्जेक्टच्या आतच मोठा ॲरे असेल आणि वीक पॉइंटर दीर्घकाळ राहणारे असतील, तर तिथे ‘न्यू’ने वेगळा बनवलेला बरा.

प्रश्न (ग्वाल्हेर): ही अडचण पहिल्यांदा कधी लक्षात आली?

उत्तर: फार लवकर. १९६० मध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी पोहोचता येणाऱ्यांवर खूण करून बाकीचे गोळा करण्याची रीत मांडली. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी रेफरन्स मोजण्याची रीत मांडली आणि १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकबेथ यांनी एका छोट्या पत्रातून दाखवलं की मोजणीला चक्र सुटत नाही. तरी मोजणी टिकली, कारण तिच्यात ऑब्जेक्ट ताबडतोब जातो आणि सगळं काम थांबवून झाडलोट करावी लागत नाही. पीएचपीने २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत मोजणीवर चक्रशोधाची जोड दिली. ती बेकन आणि राजन यांच्या २००१ च्या रीतीवर आधारलेली आहे. संशयित ऑब्जेक्ट १०,००० च्या यादीत साठवायचे आणि ती भरली की तपासायचे, अशी मूळची व्यवस्था होती. पीएचपीचं पान काही क्षणांत संपतं, म्हणून तोवर कोणाला फारसा त्रास नव्हता. दिवसभर चालणाऱ्या स्क्रिप्ट आल्या तसा तो जाणवू लागला.

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर): ‘जीसी.डिसेबल’ केलं की पायथनचा वेग वाढतो म्हणतात. करावं का?

उत्तर: २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने आपल्या सर्व्हरवर कलेक्टर बंद केल्याचं जाहीर केलं होतं, तिथून हा सल्ला पसरला. त्यांचं कारण वेगळं होतं. एका प्रोसेसपासून फोर्क केलेल्या (तिच्या नकलेने काढलेल्या) अनेक प्रोसेस मेमरीची तीच पानं वाटून वापरतात. कलेक्टर तपासताना प्रत्येक ऑब्जेक्टच्या मथळ्यात लिहितो आणि लिहिलं की त्या पानाची वेगळी नक्कल होते. वाटलेली मेमरी मग वाटलेली राहत नाही. त्यासाठीच पायथन ३.७ मध्ये ‘जीसी.फ्रीझ’ आलं: सगळं लोड करून झाल्यावर, फोर्कच्या आधी ते बोलवायचं, म्हणजे तोवरचे ऑब्जेक्ट तपासणीतून वगळले जातात.

दोन मिनिटांत संपणारी स्क्रिप्ट असेल तर खुशाल बंद करा. दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगितलेली चाचणी करून आकडा शून्य आल्याशिवाय करू नका. तुमच्या कोडमध्ये चक्र नसलं तरी वापरलेल्या लायब्ररीत असू शकतं.

प्रश्न (रावपुरा, बडोदा): पायथन ३ मध्ये ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर अ‍ॅज ई’ लिहिलं. ब्लॉकच्या बाहेर ‘ई’ छापायला गेलं तर नेमएरर. व्हेरिएबल कुठे गेलं?

उत्तर: ते पायथनने मुद्दाम पुसलं. पायथन ३ मध्ये एररचा ऑब्जेक्ट आपला ट्रेसबॅक (एरर कुठून आला याची नोंद) धरतो, ट्रेसबॅक त्या फंक्शनची फ्रेम धरतो, आणि फ्रेममधलं ‘ई’ हे व्हेरिएबल पुन्हा त्याच एररला. एरर पकडला की चक्र तयार, आणि त्यात फंक्शनमधली सगळी व्हेरिएबल्स अडकणार. म्हणून एक्सेप्टचा ब्लॉक संपताना ‘ई’ आपोआप काढलं जातं. नंतर लागणार असेल तर आतच मजकूर काढून घ्या: संदेश = एसटीआर(ई). अख्खा एरर दुसऱ्या नावात ठेवायचाच असेल तर काम झाल्यावर ते नाव स्वतः ‘डेल’ करा, किंवा ठेवण्याआधी ‘ई.विथ_ट्रेसबॅक(नन)’ करून धागा तोडा. सगळे एरर एका यादीत जमवून रात्री अहवाल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे नक्की करा. एरवी एकेका एररमागे त्याच्या फंक्शनमधल्या उघड्या फाइली आणि वाचलेला सगळा डेटा त्या यादीत रात्रीपर्यंत बसून राहील.